पंढरीनाथ करंदीकरांचा ब्राऊन सॉस

फ्रीजचं दार उघडून पंढरीनाथ करंदीकर तसेच उभे राहिले. दाराच्या कप्प्यात कालपर्यंत उलटी ठेवलेली बाटली जागेवर नव्हती.

"श्याम, माझा सॉस कुठाय?"

जावई ऑफिसची बॅग खांद्याला लावत होता. "बाबा, ती रिकामी होती ना? आज काचेच्या बाटल्या टाकायचा दिवस. धुऊन, लेबल काढून खाली ठेवून आलो."

"रिकामी नव्हती. तळाला दोन बोटं सॉस होता. तो निथळावा म्हणून तर उलटी ठेवली होती!"

"अरेच्चा! सॉरी हं बाबा. दुसरी आणू." आणि तो गेलासुद्धा.

श्यामवर धड रागावताही येत नसे. जपानच्या २०११च्या भूकंपाच्या दिवशी ट्रेन बंद पडल्या, तेव्हा तो चार तास चालत घरी पोचला होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक डब्यावर तारीख, दाराशी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, आणि कचरा ज्या त्या वारी. त्याच्या शिस्तीत पंढरीनाथांच्या उलट्या बाटलीला जागा नव्हती, एवढंच.

पंढरीनाथांचं वय सहासष्ट. चोविसाव्या वर्षी सुमनशी लग्न झालं आणि तिच्या वडिलांच्या मागोमाग ते इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला गेले. मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात कँटीनमधलं ते उकडलेलं, मिळमिळीत जेवण घशाखाली उतरेना. शेजारी बसणाऱ्या डेरेकने एकदा त्यांचं तोंड पाहिलं आणि न विचारताच त्यांच्या बटाट्यांवर काळपट, दाट सॉस ओतला. पंढरीनाथांनी नाइलाजाने घास घेतला आणि चमकले. चिंच! चिंच, खजूर, व्हिनेगरचा झटका, मागून मिऱ्याची धग. त्या दिवशी त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं.

मग चार दशकं तो सॉस त्यांच्या टेबलावर राहिला. ऑम्लेटवर, थालीपिठावर, शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यावरही. "खिचडीवर घालताय? लाज वाटते का काही?" असं सुमन म्हणायची, आणि दोन वर्षांनी स्वतःच घालू लागली. दर शनिवारी ते कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जायचे, बाटली घ्यायचे, दुकानदाराशी हवापाण्यावरून वाद घालायचे आणि घरी यायचे.

गेल्या वर्षी सुमन गेली. मुलगी कादंबरी जपानमध्ये, तोयोसुला सॉफ्टवेअरमध्ये होती. "बाबा, सहा महिने येऊन राहा, मग काय ते ठरवू," असं तिने म्हटलं आणि ते आले. सामानात सॉसच्या दोन बाटल्या होत्या. त्यातली दुसरी श्यामने धुतली.

त्याच संध्याकाळी ते आठ वर्षांच्या नातीला, तन्वीला घेऊन सुपरमार्केटात गेले. तिने तिथल्या बाईंना जपानीत काहीतरी विचारलं. बाईंनी लगबगीने सात बाटल्या ओळीने मांडल्या. सातही तपकिरी.

"आजोबा, दोरे?" तन्वीने विचारलं. मग स्वतःच मराठीत म्हणाली, "कुठली?"

"यातली एकही नाही. त्यांना सांग, इंग्लंडचा पाहिजे. आंबट."

तन्वीने पुन्हा विचारलं. बाई हसल्या, वाकल्या, आणि त्याच सातांतली एक पुढे सरकवली. मागे दोन माणसं टोपल्या घेऊन थांबलेली होती. तन्वी कानात कुजबुजली, "आजोबा, घ्या ना आता. लोक बघतायत."

त्यांनी ती घेतली. सकाळी अंड्यावर घातली, तर पाकातलं अंडं खाल्ल्यासारखं झालं.

"सेमच तर आहे, बाबा," कादंबरी उभ्या उभ्या टोस्ट खात म्हणाली.

"सेम नाही. तू लहानपणी खाल्लायस तो. तुला कळायला हवं."

"बरं, रविवारी ऑनलाइन बघू."

रविवारी तिला ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी तन्वीचा पोहण्याचा क्लास होता. सोमवारी सगळे बाहेर पडल्यावर पंढरीनाथ एकटेच भुयारी रेल्वेत बसले आणि तीन स्टेशनं पलीकडे, गिन्झाच्या बाजूला, परदेशी माल ठेवणारं एक दुकान शोधत गेले. तास लागला. दुकान सापडलं. फळीवर इंग्लंडची बिस्किटं होती, चहा होता, मुरंबे होते. सॉस नव्हता.

दुकानातल्या तरुणीने फोनवर काहीतरी टाइप करून त्यांना इंग्रजीत दाखवलं: ही वस्तू आम्ही आता मागवत नाही. मनापासून क्षमा मागतो.

"का मागवत नाही? बिस्किटं येतात, सॉस का येत नाही?" त्यांचा आवाज चढला.

ती कमरेतून वाकली. ते अजून चढले, ती अजून वाकली. कॉव्हेंट्रीचा दुकानदार एव्हाना "मला काय विचारता, कंपनीला विचारा!" म्हणून खेकसला असता आणि पंढरीनाथांना बरं वाटलं असतं. इथे भांडायलाही कोणी समोर उभं राहीना. आपल्या मुलीपेक्षा लहान पोरीला आपण वाकायला लावतोय हे लक्षात येताच ते ओशाळले आणि रिकाम्या हाताने बाहेर पडले.

संध्याकाळी हे कळल्यावर कादंबरी भडकली. "एकटे गेलात? हरवला असतात तर? एका सॉसपायी?"

"चाळीस वर्षं मी माझी बाटली माझी मी आणली, कादंबरी. इथे मला मीठ हवं असलं तरी तुझा रविवार उजाडावा लागतो."

बसल्या बसल्या फोनवर तिने तीन बाटल्या मागवल्या.

पार्सल तीन आठवड्यांनी आलं. घरात पंढरीनाथ एकटे होते. खालच्या दाराची बेल वाजली, भिंतीवरच्या इंटरकॉमच्या पडद्यात टोपीवाला पार्सलवाला दिसला आणि काही बोलला. त्यांनी एक बटण दाबलं, पडदा काळा झाला. दुसरं दाबलं, कुठेतरी घंटा वाजली. पुन्हा पडदा लागला तेव्हा माणूस नव्हता. ते सपाता घालून लिफ्टने खाली धावले. गाडी निघून गेली होती, आणि टपालपेटीत एक चिठ्ठी होती, अथपासून इतिपर्यंत जपानीत. तिथल्या बाकावर बसून त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या, मराठीतून. समोरून जाणाऱ्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंनी त्यांना आदराने नमस्कार केला.

बाटल्या दुसऱ्या दिवशी श्यामने घेऊन ठेवल्या. चव अगदी तीच होती. तन्वीने बोट बुडवून चाखलं आणि डोळे मिटून किंचाळली, "सुप्पाई!" म्हणजे आंबट. त्या सकाळी त्यांनी दोन अंडी जास्त खाल्ली.

तरी सहा महिने भरताच त्यांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलं. कादंबरी रडली. "बाबा, सॉस आता मिळतोय ना?"

"मिळतोय गं. पण तो तू आणतेस."

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. श्याम मात्र मित्रमंडळींत हसत हसत सांगतो, "आमचे सासरे सॉससाठी जपान सोडून गेले." फोनवर पंढरीनाथांच्या कानावर ते आलं. पहिल्यांदा त्यांनी समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा चिडून सांगितलं. आता ते "हो, सॉससाठीच" म्हणतात आणि फोन ठेवतात.