खंडेनवमीची हिरवी पट्टी

तृप्तीच्या वडिलांचा, पुंजाभाऊंचा, एक पाय गुडघ्याखालून गेला तो छाटणीच्या कात्रीपायी. दिंडोरीला द्राक्षाची छाटणी चालू असताना कात्री पोटरीत घुसली. त्यात अंगात साखर. जखम चिघळली आणि नाशिकच्या दवाखान्यात जंतूंपुढं एकेक औषध हरत गेलं. तेव्हा दहावीत असलेल्या तृप्तीनं ठरवलं, या जंतूंचा सूड घ्यायचा. ऐकून हसू येईल, पण मी तिच्याबरोबर एका खोलीत राहिले आहे. तिच्याइतका डूख धरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

२००६ साली ती नाशिकच्या एका कॉलेजात कापडणीस सरांच्या हाताखाली संशोधन करत होती. वीज वाहून नेणारं एक प्लास्टिक ती जखमेवर बांधायच्या सुती गॉजवर चढवायची. गॉज गडद हिरवा व्हायचा. त्यातून वीज जायची आणि काचेच्या बशीत त्याच्या आसपास जंतू वाढायचे नाहीत. ॲसिडच्या वासात बसून तिची बोटं कायमची डागाळली. बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर ती बोटं बघूनच पाय काढता घेतला. शेवटी हातभर लांब एक पट्टी मनासारखी जमली.

सरांनी त्यावर निबंध छापला. नावं दोनच, सरांचं आणि त्यांच्या भाच्याचं. हा भाचा मनोज प्रयोगशाळेत यायचा तो पंख्याखाली बसायला. तृप्ती शेवटी आभारात, बाटल्या धुणाऱ्या बहिरूच्याही खाली. ती विचारायला गेली तर सर म्हणाले, "आभार मानलेत ना? मुलींनी नावाच्या एवढं मागं लागू नये."

खोलीवर येऊन ती जेवली नाही. नाव मिळत नसेल तर पट्टी त्यांनाही लाभू देणार नाही, असं तिनं मला शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

दसरा झाला की एका औषध कंपनीचे लोक पट्टी बघायला येणार होते. पट्टीला दोन्हीकडून तारा जोडल्या की एक छोटा दिवा लागायचा, तोच त्यांना दाखवायचा होता. खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची आणि सगळ्यात मोलाच्या वस्तूला सर स्वतः कुंकू लावायचे. ताट मात्र दरवर्षी तृप्तीनं करायचं, कारण ते बाईमाणसाचं काम. त्या वर्षी तिनं बाजारचं कुंकू आणलंच नाही. घरी दृष्ट काढायला कालवतात तशी हळद आणि चुना कालवून लालभडक ओलं कुंकू केलं. ती पट्टी ॲसिडवर जगते. चुना लागला की निळी पडते आणि मग तिच्यातून वीज जात नाही. सरांनी हे कधीतरी वाचलं असेल, पण ताटात चुना आहे हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? त्यांनी पट्टीवर दोन ठिकाणी आडवं बोट ओढलं आणि हात जोडले. पूजलेली वस्तू दसरा होईपर्यंत हलवायची नाही, म्हणून कुणी तिला शिवलं नाही. ओल कापसात पसरत राहिली.

कंपनीचे पाहुणे आले तेव्हा कुंकवाभोवती निळे पट्टे उमटले होते. दिवा लागेना. सरांनी तारा बदलल्या, बॅटरी बदलली, घाम पुसला. पाहुण्यांनी मनोजला विचारलं, ही निळी का पडली? तो म्हणाला, बुरशी आली असेल. जंतू मारणाऱ्या पट्टीला बुरशी! पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तृप्तीच्या हाताशी ॲसिडची बाटली होती. त्यात बुडवली असती तर पट्टी सगळ्यांच्या देखत पुन्हा हिरवी झाली असती.

सर तिच्याकडे वळले, आवाज अगदी लोण्यासारखा. "तृप्ती, बघ ना जरा."

"मी काय बघणार, सर? मी तर आभारातली."

पाहुणे चहा न घेता गेले. पट्टी कपाटात पडली, कामही बंद झालं. मला विचाराल तर बरी जिरवली. आम्ही त्या संध्याकाळी झणझणीत मिसळ खाल्ली आणि सरांचा चेहरा आठवून हसलो.

तृप्ती मग दिंडोरीच्या शाळेत शिकवायला लागली. दोन वर्षांनी पुंजाभाऊंच्या दुसऱ्या पायाला जखम झाली. मी दवाखान्यात गेले तेव्हा नर्स पांढरा गॉज बांधत होती आणि तृप्ती त्याच्याकडे टक लावून बसली होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "सरांचा सूड घेतला गं मी. जंतू सुटले."