पुढच्या चाकाची खटखट

सारांदोसशी माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. माणूस वाईट नाही, पण त्याच्या हातून कुठलंही काम आजच्या आज होणार नाही. तीस वर्षं मी त्याची प्रचिती घेते आहे. नळ गळायला लागला की त्याखाली बादली. बादली गळायला लागली की तिच्याखाली परात. आणि टाकायचं म्हणून काही नाही. आमच्या कोठारात तीन मोडक्या पंपांचे सांगाडे आहेत आणि बिनपात्याची एक करवत आहे. ‘कधीतरी लागेल’ हे त्या सगळ्यांचं आडनाव.

पण या सगळ्यांवर वरताण म्हणजे आमचा पिकअप. तो आमच्या मुलीपेक्षा वयाने मोठा. पुढच्या चाकांचे सांधे इतके झिजलेले की बारीकसा खड्डा आला तरी खट, खट-खट. गाड्या इथे सगळ्यांकडे तशाच आहेत, इंजिनांचे आवाजही सारखेच, पण ही खटखट फक्त आमची. खालच्या पुलावर ती वाजली की कॉफीच्या दुकानाचा मालक अरिस्तिदिस सारांदोसची कॉफी चुलीवर चढवायचा.

“गाडी बोलते माझ्याशी,” सारांदोस म्हणायचा.

“बोलत नाही, कण्हते,” मी म्हणायचे. भिंतीशी बोलले असते तर भिंतीने तरी ऐकलं असतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही माझ्या माहेरी, वर डोंगरातल्या आनो पेत्रा गावाला निघालो होतो. दरीच्या कडेच्या वळणावर चाक असं डगमगलं की स्टिअरिंग त्याच्या हातातून निसटलं. गाडी थांबली तेव्हा माझ्या बाजूला रस्ता असा नव्हताच. मी क्रुसाची खूण केली आणि सांगून टाकलं, पुढच्या चाकांचं काम होईपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही.

“ऑलिव्हची काढणी होऊ दे,” तो म्हणाला.

काढणी झाली, छाटणी झाली, दोन ईस्टर गेले. वर बाबा एकटे. अठ्ठ्याऐंशी वय, डोळे जवळजवळ गेलेले, सणाला तिकडे बस नाही, आणि खाली आमच्याकडे यायला तयार नाहीत. आईच्या कबरीवर दिवा कोण लावणार, म्हणतात. यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत त्यांचा फोन आला.

“स्तामाता, येणार असाल तर यंदा या. पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही.”

फोन ठेवला आणि मी बसने स्पार्टी शहरात गेले. चाकांच्या सांध्यांचे नवे बॉल जॉइंट आणले, रबरी बुश आणले. दुपारी सारांदोस जेवायला बसला तेव्हा ते सगळं मी त्याच्या ताटात वाढलं.

“आज हेच जेव,” मी म्हटलं.

त्याने ताट बाजूला सारलं. मग उठून जॅक शोधायला गेला. तो शोधण्यात रविवार गेला.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी गाडी जॅकवर चढली आणि सगळं कॉफीचं दुकान आमच्या अंगणात आलं. काम एकाचं, सल्ले सातांचे. कोणी म्हणे बोल्ट तापव, कोणी म्हणे तेल सोड. अरिस्तिदिस तर खुर्ची घेऊनच आला होता.

“वहिनी, तुम्ही काळजी करू नका,” तो म्हणाला. “आम्ही बघतोय.”

“तेच तर,” मी म्हटलं. “सगळे बघताच आहात.”

या गाडीला पुढे स्प्रिंग नाहीत. दोन लांब पोलादी दांडे पीळ घेतात आणि तेच वजन पेलतात. बुश बदलायचे तर ते दांडे काढावे लागतात, आणि काढण्याआधी कुठला दाता कुठल्या खाचेत होता त्याची खूण करावी लागते. सारांदोसने जन्मात पहिल्यांदा एक काम नीट केलं. पांढऱ्या रंगाने खुणा केल्या आणि दांडे भिंतीला टेकवून ठेवले.

गुरुवारी मी ईस्टरची अंडी लाल रंगवली आणि चुन्याची बादली घेऊन अंगणात उतरले. ईस्टरच्या आत पायऱ्या, कुंड्या, लिंबाचे बुंधे, जे जे हलत नाही ते पांढरं करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आमच्या अंगणात सगळ्यात न हलणाऱ्या वस्तू त्याच्याच. भिंतीबरोबर दांडेही पांढरे झाले.

“बाई, पांढऱ्यावर पांढरं लावलंस?” सारांदोस कपाळाला हात लावून उभा राहिला.

“भिंतीला टेकवलं ते भिंतीचं. आणि खुणेला लाल रंग होता ना घरात?”

मग त्याने रागाने तारेच्या ब्रशने चुना घासला, त्याबरोबर खुणाही घासल्या गेल्या. तोवर अरिस्तिदिस खुर्ची उचलून निघून गेला होता.

शुक्रवारी त्याने दांडे अंदाजाने चढवले, तर गाडी डावीकडे खाली बसली. शनिवारी पुन्हा उघडली तर उजवीकडे वर आली. मी खिडकीतून पाहत होते आणि मला रडू येत होतं. बाबांनी तिकडे गोड त्सुरेकी पाव शेजारणीकडून भाजून घेतला असणार, दोन वर्षं घेतला तसाच.

संध्याकाळी सारांदोस हात पुसत दारात आला. “एकदा आत बस.”

“गाडी वाकडी आहे.”

“बस तर खरी.”

आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडे असतो; मी माझ्या जागी, उजवीकडे बसले. गाडी हळूच खाली आली आणि सरळ झाली. तो समोर वाकून पाहत होता.

“झालं,” तो म्हणाला. “मापात.”

मला त्याला बादली फेकून मारावीशी वाटली. त्यापेक्षा जास्त हसू आलं, याचाच जास्त राग आला. झिजलेले जुने बॉल जॉइंट त्याने डब्यात भरून गाडीत ठेवले होते. मी ते फेकायला उचलले तर त्याने डबा माझ्या हातून घेतला.

“कधीतरी लागतील.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. तेच वळण, तीच दरी, पण गाडीचा हूं नाही की चूं नाही. आनो पेत्राच्या अलीकडे दगडावर बाबा बसले होते. अंगात सणाचा कोट, मांडीवर रुमालात बांधलेलं लाल अंडं, कान रस्त्याकडे. सारांदोसने त्यांच्या अगदी पुढ्यात गाडी थांबवली. बाबांनी काठीने पुढे जायची खूण केली.

“जा बाबांनो, जा. माझ्यासाठी थांबू नका. माझी लेक यायचीय.”

मी दार उघडायला धडपडू लागले.

“त्यांची गाडी लांबूनच वाजते,” बाबा म्हणाले. “अजून वाजली नाही.”

सारांदोस खाली उतरला. कोणी न सांगता. त्याने डब्यातून एक झिजलेला सांधा काढला आणि गाडीच्या पत्र्यावर आपटला. खट, खट-खट.

बाबा काठी टेकत उठून उभे राहिले.

“स्तामाता,” ते म्हणाले, “फार उशीर केलात गं.”

उशीर कोणामुळे झाला ते मी त्यांना सविस्तर सांगितलं, पण घरी पोचल्यावर. तिथे रस्त्यावर मी आधी त्यांचा हात धरला.