काचेवर न येणारी हवा

राधानगरीजवळच्या शाळेत मी रोज स्वतः गाडी चालवत जाते. पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकटते, म्हणून तिच्यावर हवा सोडावी लागते. गेल्या वर्षी ती हवा येईनाशीच झाली. थोरल्या भावाला सांगितलं, तर म्हणाला, "तुला बटणंच कळत न्हाईत." आठवडाभर मी एका हातानं काच पुसत गाडी चालवली. एका वळणावर तर म्हैस अगदी बॉनेटपाशी आल्यावर दिसली.

तशीच उचगावच्या मेकॅनिककडं गेले. त्यानं कागदाची पट्टी काचेखालच्या जाळीपाशी धरली. ती हललीच नाही. पायाशी धरली, तर फडफडायला लागली.

"पंखा चांगला हाय, ताई. हवा सगळी खालीच येतीया." डॅशबोर्ड खोलून त्यानं विचारलं, "ह्यो गाण्यांचा नवा स्क्रीन कुणी बसवला?"

भावानंच, मला न विचारता, मोबाइलवर व्हिडिओ बघून बसवला होता. तेव्हा हवेची झडप फिरवणारी केबल निसटली होती आणि त्यानं ती तशीच आत कोंबली होती. मेकॅनिकनं ती जागेवर अडकवली. काच बघता बघता साफ झाली.

मी तिथूनच भावाला फोन लावला.

"झालं न्हवं नीट? मग वरडतीस कशाला?"

"आठवडाभर आंधळ्यागत गाडी चालवली मी, दादा! आणि बटणं मला कळत न्हाईत व्हय?"

अख्खं गॅरेज बघायला लागलं. त्यानं फोन ठेवला. चुकलं म्हणून तो अजून म्हणालेला नाही, आणि गाडीची चावी मी त्याच्या हातात पुन्हा दिलेली नाही.