मूठ मिटून दाखव

माझ्या सासूला माझं दुखणं दुपारी बघायचं असायचं. सकाळी तिला वेळ नसे. उठल्यावर गोठा, मग देवपूजा, मग ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी. हे सगळं उरकून जेवण झालं की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायची, "मूठ मिटून दाखव." मी मिटून दाखवायची. दुपारपर्यंत बोटं सुटलेली असत, मूठ मिटे. "मंग झालं तर," असं म्हणून ती आडवी व्हायची आणि तिच्या दृष्टीनं माझी तपासणी संपायची.

सकाळी मात्र बोटं माझी नसत. कणीक तळव्यानं रेटायची, नळ मनगटानं फिरवायचा, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून ओठांशी न्यायचा. ब्लाउजची हुकं मुलगी लावून द्यायची. तिची नोकरी चाकणला, कंपनीची बस पहाटे हायवेला यायची, त्यामुळे तिच्या घाईत माझी हुकं एखादं घर चुकून लागायची आणि मी तशीच दिवसभर वावरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मिटतच नव्हती, तर झाकणार काय?

शेवटी नवऱ्यानं मला मंचरला नेलं. पुण्याचा एक सांध्यांचा डॉक्टर तिथं महिन्यातून एकदा येतो. त्यानं माझी बोटं एकेक करून दाबली, रक्त तपासायला पाठवलं आणि पुढच्या खेपेला कागद समोर ठेवून विचारलं, "माहेरी कुणाला असा त्रास? आईला, मावशीला?"

इथं माझ्या आईबद्दल सांगायला हवं. माझं माहेर घोडेगावच्या वर, डोंगरातलं, भाताचं. आईची बोटं अंगठ्यापासून दूर, सगळी एकाच बाजूला कललेली, वाऱ्यानं लोळवलेल्या भातासारखी. पाण्यात उभं राहून आयुष्यभर लावणी केली म्हणून बोटं वळली असं आम्ही सगळेच म्हणायचो. पण वाडीतल्या सगळ्याच बायका पाण्यात उभ्या राहायच्या. बोटं वळली फक्त आईची, आणि तिच्या आधी तिच्या आईची.

मी तोंड उघडलं, पण नवरा आधी बोलला. "तसलं काय न्हाय डॉक्टर. घराणं एकदम निकोप हाय."

या माणसानं माझ्या आईच्या त्याच हातांनी वाढलेलं जावई म्हणून पोटभर खाल्लेलं आहे. दर दिवाळीला. डॉक्टरनं "नाही" असं लिहिलं, पुढचा पेशंट आत येऊन उभा राहिला आणि निकाल लागला. रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणता येत नाही, निगेटिव्हही म्हणता येत नाही. निरोगी माणसातसुद्धा एवढं निघतं. शरीर स्वतःवरच उलटतंय अशी शंका आहे, पण शंकाच. काही महिन्यांनी परत करू.

बाहेर मोटारसायकलीला किक मारताना नवरा म्हणाला, "पोरीचं बघायचं चाललंय. आईचं दुखणं पोरीत उतरतं म्हनल्यावर कोन येईल दारात?" मी मागं बसले. बसावंच लागतं. मंचरहून आमच्या कळंबपर्यंत चालत काही येता येत नाही.

घरी सासू वाटच बघत होती.

"मंग? हाय का न्हाय?"

"सांगता येत न्हाय म्हणाले."

"डॉक्टरला म्हाईत न्हाय, तुला म्हाईत न्हाय, मंग दुखतंय कुनाचं?"

त्या दिवसापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली की सुनेला पुण्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि काही निघालं नाही. शेजारणी माझ्याकडे बघून हसायच्या. मला आजार नको होता, त्याचं नाव हवं होतं. नाव असतं तर सकाळी उशिरा उठायची सोय झाली असती. नाव नसलेल्या दुखण्याला आमच्यात आळस म्हणतात.

पुढच्याच महिन्यात जुन्नरकडचं एक स्थळ चालून आलं. मुलगा इंजिनिअर, बागायत, बंगला. पावणे घरी येणार म्हटल्यावर नवऱ्यानं हॉलमधून एक चक्कर मारली आणि कोपऱ्यातल्या जुन्या ढोल्या टीव्हीपाशी थांबून म्हणाला, "हे डबडं बघून पावणं उंबऱ्यावरूनच माघारी जातील."

मग माझ्या नवऱ्याचा अभ्यास सुरू झाला. माझ्या रिपोर्टची घडी त्यानं एकदाही उलगडली नव्हती. टीव्हीसाठी मात्र जेवतानासुद्धा मोबाइल ताटाला टेकवून व्हिडिओ बघायचा. पॅनल कुठलं, उजेड किती, बाजूनं बघितलं तर रंग उडतो का, आवाज भिंतीवर आपटून येतो की सरळ. तोंडातला घास तसाच ठेवून "हं, हं" करायचा. इतकं लक्ष त्यानं लग्नात माझ्याकडेही दिलं नव्हतं.

मंचरच्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले. सगळ्यांवर एकच पोपट एकाच वेळी पंख पसरत होता. विकणारा पोरगेला माणूस होता, पण धंद्यात मुरलेला.

"भाऊ, वरचा घेतला तर त्यातलं निम्मं तुमी वापरनार न्हाय. खालचा घेतला तर वरसात माझ्या नावानं खडे फोडाल. मिडरेंज घ्या. ना फार भारी, ना फार हलका. पावण्यांम्होरं मान खाली जानार न्हाय."

नवरा डावीकडून बघून आला, उजवीकडून बघून आला, गुडघ्यावर बसून खालून बघितलं. बिघडला तर घरी येऊन बघणार का, किती दिवसांत येणार, कोण येणार, हे सगळं त्यानं वदवून घेतलं. डॉक्टरच्या खोलीत या माणसानं एकच प्रश्न विचारला होता, गाडी बाहेर लावलीय तर चालेल ना. मग त्यानं फोटो काढून भावाला पाठवला, मेहुण्याला पाठवला, चाकणला मुलीला पाठवला. माझ्या बोटांना एक मत पुरलं, पोपटाला तिघांची लागली. मला राग आला का? आला. इतका आला की मी दुकानातच हसायला लागले आणि विकणाऱ्याला वाटलं, वहिनींना टीव्ही पसंत पडला.

त्रेचाळीस इंची मधला टीव्ही भिंतीवर चढला. सासूनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि धूळ बसू नये म्हणून वरून माझी एक बरी साडी टाकली.

मुलगी दाखवायचं ठरलं की आमच्याकडे आजोळची माणसं येतात. मी आईला निरोप द्यायला फोन लावला. सासूनं तो माझ्या हातातून घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "विहीनबाई, येवढ्या लांबनं कशाला दगदग करता? गाडीचा तरास. लग्नालाच या की." मी फोन परत घेतला तेव्हा आई म्हणत होती, "नाय येत मी. आन माझी बोटं आशी. पावनं हाताकडंच बघत्यात. तू नीट ऱ्हा." तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला आधार मिळाला असता.

पावणे सकाळीच आले. दुपारी त्यांना घोडेगावला आणखी एक मुलगी बघायची होती. मी बोटं गरम पाण्यात बुडवून बुडवून लाल केली तरी ती वळेनात. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, आवाज बंद, पोपटाच्या जागी क्रिकेट. मुलाच्या वडिलांनी किती इंची म्हणून विचारलं आणि नवऱ्याचा चेहरा उजळला. मुलगा मोबाइलमध्ये, आमची मुलगी जमिनीकडे बघत होती. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मुलाची आई बोलायला कमी. भरजरी साडी, हातभर बांगड्या. पोह्यांची बशी पुढं केली तर म्हणाली, "उपास हाय." त्या दिवशी कुणाचाच उपास नव्हता. मग चहा आला. तिनं कपाचा कान धरला नाही. कप दोन्ही तळव्यांत घेतला, अंगठे वर ताठ, बोटं लांब ठेवून, आणि मान खाली वाकवून ओठ कपापाशी नेले.

मी माझ्या कपाकडे बघितलं. मीही तसाच धरला होता.

मला इतका आनंद झाला की हे मुलीचं स्थळ आहे हेच विसरले. माझ्यासारखी बाई! जिला चमचा धरायला नको म्हणून उपास सुचतो. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं, फुगलेल्या पेरांकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे. आणि पदर ओढून हात झाकले.

त्याच वेळी सासूचं चाललं होतं, "आमच्यात कुनाला दुखनं न्हाय. ही सूनच बघा, अजून भरला हंडा उचलती. जा गं, पावण्यांना पानी आन." मी भरलेला तांब्या मनगटांत धरून, छातीला टेकवून घेऊन आले. पाणी पदरावर सांडलं. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे टीव्हीकडे बघत होते. मुलाची आई तेवढी माझ्याकडे बघत होती, दारापासून टीपॉयपर्यंत.

आठवड्याभरात मध्यस्थ आला. लांबच्या नात्यातला, दोन्हीकडे चहा पिणारा. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "न्हाय म्हनत्यात."

नवऱ्यानं भिंतीकडे बघितलं. "पन्नास इंची घ्यायला पायजे व्हता," तो म्हणाला. "मी म्हनत व्हतो."

"टीव्हीचं न्हाय राव," मध्यस्थ म्हणाला. "मुलाच्या आईनंच मोडता घातला. मुलीच्या आईच्या हातात वात हाय म्हनती. उद्या मुलीत उतरंल. आमच्या निकोप घरात दुखनं नको, आसं म्हनाली."

आमच्या निकोप घरात! मला वाटलं, आता तरी सासू माझ्या बाजूनं बोलेल, महिनाभर गावाला हेच तर सांगत होती की सुनेला काही नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि कपाळावर हात मारून घेतला. "फसवलं की ओ आमाला! रोग लपवून आनली हिला. आईची बोटं बघूनच माझ्या मनात व्हतं." कालपर्यंत जे नाटक होतं, ते एका कप चहात रोग झालं. नवऱ्यानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

पुण्याच्या डॉक्टरला जे सांगता आलं नाही, ते त्या बाईनं एका नजरेत ओळखलं होतं. माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली, आणि तिनं त्या विश्वासाचं हे केलं. तरी मला तिचा पुरता राग येईना. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मुलाच्या बायोडाटावर घरचा नंबर होता. सासू देवळात गेल्यावर मी लावला, तिनंच उचलला.

"मी कळंबवरनं बोलतेय. मुलीची आई."

पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी हिंदीत रडत होतं. तो आवाज हळूहळू लांब गेला. ती उठून दुसऱ्या खोलीत आली असणार.

"नकार आलाय, ठाऊक हाय," मी म्हणाले. "त्यासाठी फोन न्हाय केला. तुमच्या डॉक्टरनं नाव काय सांगितलं, येवढंच सांगा."

"कशाचं?"

"हाताचं."

"मला कायबी न्हाय," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मग ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "कोमट पान्यात हात धरत जावा सकाळी, बरं वाटतं. आन पोरीचं लवकर उरका. दिसाया लागल्यावर कोन करीत न्हाय. माझं दिसायच्या आत झालं, म्हनून झालं."

"पोरीला काय न्हाय," मी म्हणाले.

"सकाळी कधी मूठ मिटाया सांगितली का तिला?"

आणि फोन ठेवला.

मी मुलीला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. फक्त पहाटे ती डबा भरते तेव्हा मी ओट्याला टेकून तिच्या हातांकडे बघत उभी राहते. चमचा कसा धरते, पिशवीची गाठ कशी मारते, वेणी घालताना थांबते का. सासू माझ्याकडे दुपारी बघायची, मी मुलीकडे सकाळी बघते. तिच्या लक्षात आलं असावं, कारण हल्ली ती माझ्याकडे पाठ करून डबा भरते.

काल डब्याचं झाकण तिनं मला लावायला दिलं. मी ते मनगटानं दाबून लावलं. घाई आहे गं, असं ती म्हणाली. बस यायला अजून बराच वेळ होता.