शिका जरा त्यांच्याकडून

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सत्पुरुष राहतो. तो माझा मित्रही आहे, हे माझं दुर्दैव. कसबा पेठेतल्या एकाच गल्लीत आम्ही वाढलो आणि पुढे वारज्यात समोरासमोर फ्लॅट घेतले. त्यामुळे आमची तुलना करायला लोकांना फक्त मान वळवावी लागते.

हा गृहस्थ कधी आवाज चढवत नाही. भाजीवाल्याला 'आपण' म्हणतो. पेपरवाल्याने ओला पेपर टाकला तर तो दोरीवर वाळत घालतो. कचरा टाकायलासुद्धा इस्त्रीचा सदरा घालून जातो आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मी भांडतो. टँकरवाल्याशी, लिफ्टवाल्यांशी, जिन्यात चपलांची रास घालणाऱ्यांशी. इमारतीला पाणी येतं ते माझ्या घशामुळे, पण कौतुक होतं त्याच्या हसऱ्या चेहऱ्याचं.

"अहो, शिका जरा त्यांच्याकडून," असं माझी बायको म्हणते. भांडून घरात आलो की पाण्याच्या भांड्याबरोबर हे वाक्य मिळतंच. इमारत काय म्हणते याची मला फिकीर नव्हती. हिने एकदा तरी माझं बरोबर आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या वरच्या फ्लॅटमध्ये आयटीतला एक तरुण राहायला आला आणि आपली मोटारसायकल खुशाल याच्या पार्किंगमध्ये लावू लागला. आमचा सत्पुरुष गाडी बाहेर रस्त्यावर झाडाखाली लावायचा आणि सकाळी कावळ्यांची घाण पुसत बसायचा, तीही हसत. शेवटी एका संध्याकाळी माझ्याकडे आला.

"तू बोल ना रे त्याच्याशी. तुला जमतं."

मला जमतं! पण मित्र पडला. मी पार्किंगमध्ये त्या तरुणाला गाठून असा झाडला की चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी जागा मोकळी. घरात मात्र नेहमीचं वाक्य मिळालं.

पुढच्याच रविवारी ही आणि मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया घेऊन जिन्याने उतरत होतो. त्या तरुणाच्या दारात सत्पुरुष उभा होता, हातात आंबा बर्फीचा बॉक्स. आमच्याकडे पाठ होती.

"मनावर घेऊ नका हं," तो सांगत होता. "आमचे मित्र जरा तापटच आहेत. मी त्यांना म्हटलं होतं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला बोलायचं? पण ऐकतील तर ना."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या प्रत्येक भांडणानंतर हा दारोदार माझ्या वतीने माफी मागत हिंडत होता आणि स्वतःचा चांगुलपणा वाढवत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिने माझं कोपर धरलं. आम्ही गुपचूप घरी आलो. त्या दिवशी मला पाणी मिळालं, वाक्य मिळालं नाही.

पावसाळ्यात तो पुन्हा आला. त्या तरुणाचं बाथरूम गळत होतं आणि याच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती. बर्फी देऊन झाली होती, आता तक्रार कुठल्या तोंडाने करणार? मी दिसत असूनही तो हिलाच म्हणाला, "वहिनी, यांना जरा बोलायला सांगा ना. हे बोलले की काम होतं."

ही दारातच उभी राहिली. "भावजी, ते आता कुणाला काही बोलत नाहीत," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "शिकले ना तुमच्याकडून."

तो हसला. दुसरं काही त्याला येतच नाही. हिने दार लावलं आणि मी न मागता चहा टाकला.

डाग आता पंख्यापर्यंत पोचलाय. मी रोज संध्याकाळी जाऊन बघून येतो आणि तिथे आवाज अजिबात चढवत नाही.