माहेरचं नाव विचारायचं राहिलं

अगं, अशी इकडं सरक. फोन हातभर लांब धरून वाचू नकोस, चष्मा लाव. तीनदा "येते, येते" म्हणालीस आणि तिन्ही वेळा पुण्यातच बसून राहिलीस. केडगावला शाळेत सात वर्षं एका बाकावर बसलो आपण, आणि आता शिरूरला यायचं तुला एवढं जड झालं होय? मागच्या फोनवर विचारत होतीस, "पोलिसात एवढी वर्षं काढलीस, एखादी केस तरी सांग की." एक केस अजून मनातून उतरत नाही. फोनवर सांगून ती कळायची नाही म्हणून लिहिते. तुझ्या घरातल्या बाकीच्यांनीही वाचावी. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही. आणि गंमत बघ, सगळी गोष्ट नावाचीच आहे.

तेव्हा मी हवालदार होते. नोकरी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात आणि घर शिरूरला. पहाटे दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या आणि सातच्या एसटीनं न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याला उतरायचं. घरी सासूबाई आणि दहावीतली लेक. आमचे हे ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर.

एका सोमवारी राहू गावाकडच्या एका वस्तीवरून मायलेक मिसिंगची तक्रार द्यायला आले. मुलगा तिशीचा, ऊस लावणारा. आई म्हणाली, "सूनबाई शनवारी सकाळी रानात जाते म्हनून गेली, ती आलीच न्हाई." मी रजिस्टर ओढलं. नाव, वय, उंची, वर्ण, अंगावरचे कपडे. नवऱ्यानं नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. फोटो दिला तो लग्नातला. कपाळाला मुंडावळ्या आणि तोंडावर इतकी पावडर की जन्मदात्या आईनं ओळखलं नसतं. मागं पहिलीतली मुलगी होती, सहा वर्षांची.

एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, दवाखाने, नातेवाईक, सगळीकडं विचारलं. काही हाती लागलं नाही. मंगळवारी बाईचा धाकटा भाऊ दहा-बारा माणसं घेऊन ठाण्यात आला. "आक्काला मारून नदीत टाकली ह्यांनी. गुन्हा घ्या, न्हाईतर आम्हीच बघतो त्याच्याकडं." त्याचा जबाब मीच लिहिला. बहिणीच्या नावाच्या जागी रजिस्टरमधलंच नाव उतरवलं, त्याला विचारलंसुद्धा नाही. तो बोलताना सारखं "आक्का, आक्का" करत होता.

साहेबांनी नवऱ्याला चौकशीला बसवलं. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. तो मान वर करीना. साहेब म्हणाले, "गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. सोमवारी खुनाचा गुन्हा दाखल करतो." लपवत तर तो होताच. पण काय, ते बघायला हवं होतं. साहेब जेवायला गेले तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "पोरीची वेणी कोण घालतं रे आता?"

"मीच," तो म्हणाला. "वाकडी व्हती. पोरी हसत्यात म्हनून शाळंत जाईना झालीय." आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागला. मग हळूहळू बोलला. बायको बारावी झालेली. कंपनीत कामाला जाते म्हणून वर्षभर मागं लागली होती. शुक्रवारी भांडण झालं, तेव्हा हा म्हणाला, "जायचं तर जा, पर मग परत ह्यो उंबरा चढू नगंस."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"बायकू कंपनीत कामाला जायसाठी पळाली, आसं कसं सांगू बाई? लोक त्वांडात श्यान घालतील."

बघ बरं. खुनाचा आळ परवडला, पण ही लाज नको. तीस वर्षांत मी एक पाहिलं, माणसं गुन्ह्यापेक्षा फजितीला जास्त भितात. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हवालदारबाई, रडण्यावर केस सुटत नाही. बाई जिवंत दाखवा."

शुक्रवारी सकाळी एसटीत नेहमीचे कंडक्टर रजेवरून परत आले होते. फोटो मी रोजच्यासारखा दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, तोंडावरनं काय सांगू? पर मागल्या शनवारी एक बाई चौफुल्याला चढली. म्हनली, एक फुल एक हाफ. मी म्हटलं, हाफ कुठाय? तिनं शेजारी बघितलं, आन् जी रडाया लागली! म्हनली, सवयीनं बोलले, एकच द्या. न्हावऱ्याला उतरली. तिथनं बायांची कंपनीची गाडी जाती."

ही तीच. लेकीशिवाय पहिल्यांदा एसटीत बसलेली बाई.

साहेबांना फोन करून तशीच त्या कंपनीला बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. तिथला मुनीम उत्तरेकडचा. "मॅडम, इस नाम की कोई लेडीज नहीं है." फोटो बघून हसला, "ये तो दुल्हन है." मी त्याचं रजिस्टर ओढून घेतलं, दोनशे नावांवरून बोट फिरवलं. तिचं नाव कुठंच नव्हतं. बाया आत कामावर होत्या, शिफ्ट सुटायला दोन तास होते. थांबायला हवं होतं. पण लेकीच्या शाळेत पालकसभा होती आणि त्या वर्षातल्या आधीच्या दोन सभा माझ्या बुडाल्या होत्या. मी निघाले. शाळेत पोचले तेव्हा शिपाई वर्ग झाडत होता. म्हणजे दोन्हीकडं नापास.

संध्याकाळी जेवायला बसलो. लेक ताटाकडं बघत म्हणाली, "सापडली का तुमची मिसिंग?"

"नाही."

"मग आमच्या घरातलीपण एक नोंदवून घ्या. वय बेचाळीस, खाकी साडी, कधीकधी दिसते."

मला हसू आलं आणि मी ताटातली भाकरी उगाच मोडत राहिले. विषय बदलायला सासूबाई म्हणाल्या, "आगं, दुपारी त्यो फोन कुनाचा येत व्हता? दोनदा आला. कुठल्यातरी बाईला विचारीत व्हता. मी म्हटलं, हितं त्या नावाचं कुनी न्हाई, राँग नंबर."

"कोणतं नाव म्हणाला?"

त्यांनी सांगितलं. ते माझंच नाव होतं. ठाण्यात नवीन आलेला अंमलदार, माझा मोबाइल लागेना म्हणून घरच्या नंबरवर फिरवत होता. मी शाळेच्या दाखल्यावर भरती झाले, त्यामुळं सर्व्हिस बुकात माहेरचं नाव. सासरी मात्र तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं दुसरं.

"आत्या, ते माझंच नाव की!"

"व्हय गं बाई," त्या म्हणाल्या. "आठरा वरसं झाली. कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

मी तशीच उठले. हात धुवायचंही भान नव्हतं. सासू म्हणत होती सूनबाई. भाऊ म्हणत होता आक्का. पोरगी आई म्हणणार. नवऱ्यानं लग्नात ठेवलेलं सासरचं नाव दिलं. पाच दिवस मी त्या बाईचा तपास करत होते आणि तिचं जन्मापासूनचं नाव मी कुणालाच विचारलं नव्हतं. मी, जिची स्वतःची दोन नावं होती!

भावाला फोन लावला. "आक्काचं माहेरचं नाव काय रे? दाखल्यावरचं?" त्यानं सांगितलं, एका फुलाचं नाव. माझं बोट दुपारी त्या नावावरून गेलं होतं.

शनिवारी शिफ्ट सुटायच्या वेळेला मी साध्या साडीत गेटवर उभी राहिले. बायांचा लोंढा बाहेर आला. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे ॲप्रन आणि तोंडाला रुमाल. कशी ओळखायची? मी मोठ्यानं ते नाव हाकारलं. चार-पाच जणींनी वळून पाहिलं. एक मात्र वळली नाही, तिनं पाय उचलला. लपलेलं माणूस हाकेला असंच करतं. मी मागं धावले.

"थांब गं बाई! पोलीस म्हणून नाही सांगत, माझे गुडघे दुखतात म्हणून सांगते."

ती थांबली. "मला परत नेऊ नका," एवढंच म्हणाली.

"नेणार नाही. तू सज्ञान आहेस, तुझी मर्जी. पण तुझा खून झालाय, ठाऊक आहे का? परवा तुझ्या नवऱ्यावर गुन्हा लागतोय."

तिनं तोंडावरचा रुमाल काढला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "मी काय मरायला आले का बाई? खोली बघतीय. पगार झाला की पोरीला आनायची व्हती."

ती माझ्याबरोबर ठाण्यात आली. जबाबाला सुरुवात केली, "नाव सांग." ती म्हणाली, "कोनचं सांगू?" मी दोन्ही लिहिली, मध्ये 'उर्फ' घातलं. साहेब वाकून बघत म्हणाले, "उर्फ तर आपण गुन्हेगारांना लावतो."

मी म्हटलं, "साहेब, मग निम्म्या तालुक्यातल्या बाया अट्टल म्हणायच्या."

साहेब हसले आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. बाहेर व्हरांड्यात नवरा उभा होता, पलीकडं तिचा भाऊ. तीच आधी नवऱ्याला म्हणाली, "पोरगी मला पाहिजे. शाळंचं वरीस सरलं की आनून सोडा." तो म्हणाला, "सोडतो." भाऊ खाली मान घालून चपला शोधत राहिला. जूनमध्ये नवऱ्यानं पोरीला खरंच आणून सोडलं. मी त्याच एसटीत होते. त्यानं एक फुल, एक हाफ काढलं. पुढं त्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. सगळंच पोलिसांनी विचारायचं नसतं.

त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत, बाई मिसिंग म्हटलं की माझा पहिला प्रश्न, माहेरचं नाव काय? नवी पोरं हसायची. त्या एका प्रश्नानं पुढं तीन बाया सापडल्या.

आणि माझं नाव? रोज सकाळी हजेरीत ते पुकारलं जायचं तेव्हा मला कधी कौतुक वाटलं नाही. रिटायर झाले, बेल्ट-टोपी जमा केली, त्याबरोबर तेही जमा झालं बहुतेक. आई गेली. भाऊ ताई म्हणतो, लेक हैदराबादेवरून आई म्हणते, गल्ली अजून मॅडम म्हणते. परवा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. क्लार्क दोनदा नाव पुकारत होता आणि मी आपली इकडंतिकडं बघतेय, कोण बाई बहिरी आहे म्हणून! शेजारच्या आजोबांनी माझ्या हातातला कागद वाचून मला हलवलं. जिवंत असल्याचं सांगायला गेलेली मी, आणि माझ्याच नावाला ओ दिली नाही.

तेव्हा तुझी आठवण आली गं. त्या नावानं मला हाक मारणारी तू एकटीच उरलीस. फोनवर ते बरोबर ऐकू येत नाही. ये लवकर, हा आठवडा जाऊ देऊ नकोस. आणि आलीस की लगेच घंटी दाबू नकोस. आधी फाटकातूनच एक हाक मार, चांगली मोठ्यानं.