कर नाही त्याला

पहाटे पाचला घडीताईचा दिवस सुरू व्हायचा. गजर तिने कधी लावला नाही. आदल्या दिवसाचे पाय झोपेत दुखायला लागले की ती उठायची. वर्षअखेरच्या त्या दिवसांत मात्र पाय दुखायच्या आधीच डोळा उघडत होता. मग ती अंधारात ओट्याशी उभी राहून चहा उकळायची आणि तो ओतायचा विसरून खिडकीकडे जायची, खिडकीतून परत ओट्याकडे. स्वयंपाकघरात जेवायचं टेबल होतं, त्याला तीन खुर्च्या. चौथी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली, एक पाय तुटलेली. फेकायला हात धजत नव्हता.

ती खुर्ची मोडली त्या रात्री तिचा धाकटा भाऊ ताटावरून उठून गेला होता.

घडीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते दुकानात पडलं. मोठं दुकान, चार मजले, आणि खाली जिन्याजवळ भेटवस्तू बांधून द्यायचा काउंटर. वर्षअखेर आली की लोकांना एकमेकांची आठवण होते आणि तिला काम लागतं. पॅकिंग म्हणजे नुसता कागद गुंडाळणं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा चहाची किटली गुंडाळून पाहावी. ती दांडीपासून सुरुवात करायची, तोटीवर कागदाच्या चुण्या घालायची, आणि शेवटची कड बोटभर आत मुडपून मगच चिकटपट्टी लावायची. मुडपायचं कारण एवढंच, की आधीची पंधरा-सोळा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात काठ मुडपायच्या मशीनवर होती. कारखाना बंद पडला, हाताची सवय राहिली. कापलेली कड उघडी दिसली की तिला उघडं पोर दिसल्यासारखं व्हायचं. बाकीच्या मुली म्हणायच्या, "ताई, फाडूनच टाकणारेत ना शेवटी." ती म्हणायची, "फाडेपर्यंत तर नीट असू दे."

नवरा लवकर गेला. लेक तिनेच वाढवली, आणि तिच्याही आधी हा भाऊ वाढवला, कारण आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. त्याला कडेवर घेऊन तिने पाणी भरलेलं. असा भाऊ ताटावरून उठतो तेव्हा ते ताट धुववत नाही.

झालं ते असं. लेक सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या वॉर्डात माणसं कमी, खाटा त्याहून कमी. तेव्हा गावभर एकच चर्चा चालली होती, की बड्या श्रीमंतांवर जादा कर बसवावा आणि तो पैसा दवाखान्यांना द्यावा. लेक ड्युटी संपली की दारोदार जाऊन लोकांना हे पटवत फिरायची. भाऊ ड्रायव्हर. एका बंगल्यावर बारा वर्षं साहेबांची गाडी चालवतो. गाडीबरोबर साहेबांची बाजूही तोच चालवतो, असं लेक म्हणायची.

त्या रात्री भाऊ आणि भावजय जेवायला आले होते. भाऊ नेहमीच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसला. पहिल्या घासालाच विषय निघाला.

"आम्ही घाम गाळून कमावतो त्यावर कर आधी कापतात, मग पगार हातात देतात," लेक म्हणाली. "आणि ज्यांचा पैसा नुसता पडून वाढतो, त्यांच्याकडे मागायला गेलं की सगळ्यांना त्यांची दया येते."

"साहेबांनी कुणाचं चोरलेलं नाही."

"चोरलं म्हणत नाही मी, मामा. वाटा द्या म्हणते."

"तुझी मामी तापाने फणफणत होती तेव्हा तुझ्या दवाखान्यात खाट नव्हती. कुणी फोन केला? कुणी मोठ्या हॉस्पिटलात जागा करून दिली? साहेबांनी. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे मी."

"अरे, पण खाट नव्हती म्हणूनच तर..."

"ते मला सांगू नकोस. साहेबांचं सगळं स्वच्छ आहे. ते कुणाला घाबरत नाहीत. कर नाही त्याला डर कशाला?"

लेकीने घास हातातच धरला. "तेच म्हणतेय मी मामा. त्यांना कर नाही, म्हणूनच त्यांना डर नाही!"

आणि मग घडीताई हसली. शब्दच असा पडला होता. भावजयही ओठ दाबून हसली, पण भावाने तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"तूसुद्धा, ताई?"

तो उठला. एवढ्या जोरात उठला, की खुर्ची मागे आपटली आणि तिचा पाय तुटला. भावजय नवऱ्यामागे चप्पल शोधत धावली. तेव्हापासून फोन नाही. वर्षअखेरच्या सुट्टीच्या दिवशी दोघं दर वर्षी जेवायला यायची. ती येणार की नाही, हे विचारायची घडीताईची छाती होत नव्हती. न विचारता राहायलाही जमत नव्हतं.

आणि या सगळ्यात तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, ती तिला जास्त टोचत होती.

मागच्या वर्षी भाऊ एक लाकडी डबा घेऊन आला होता. आत उंची सुकामेवा. "साहेबांनी माझ्यासाठी स्वतः निवडला," असं चारचौघांत सांगून त्याने सगळ्यांना एक एक बदाम वाटला होता. कागद त्याने फाडला नव्हता, सोडवून नीट घडी करून ठेवला होता. घडीताईने तो कागद पाहिला मात्र, तिला बदाम गिळेना. कड बोटभर आत मुडपलेली होती. असे डबे तिने एका कंपनीसाठी बांधले होते, ढिगाने. कंपनीने ते बड्या लोकांना वाटले. त्यातला एक साहेबांकडे आला आणि साहेबांनी न उघडताच तो ड्रायव्हरकडे सरकवला. निवडला कसला? तेव्हा ती मूग गिळून बसली. पण हा वाद झाल्यापासून ते वाक्य रोज जिभेवर यायचं. एकदा बोलून टाकलं की वाद खलास. आणि भाऊही.

सुट्टीला चार-पाच दिवस उरले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी रांगेत एक भरलेली ट्रॉली पुढे सरकत आली, आणि ट्रॉलीमागे भाऊ. बंगल्याचा गडद कोट, हातात टोपी. दुसऱ्या काउंटरवर जाता आलं असतं तर गेला असता, पण बाकीच्या मुली जेवायला गेल्या होत्या.

"हे बांधून द्या," तो म्हणाला. सख्ख्या बहिणीला 'द्या'.

"देते की. कोणाकोणाचं आहे?"

"साहेबांच्या नातलगांचं. मित्रांचं."

"साहेबांनी निवडलं?"

"साहेबांना वेळ कुठे असतो? मीच निवडतो. दर वर्षी." हे त्याने अभिमानाने सांगितलं. मग ते कसं ऐकू गेलं ते त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण तो टोपी फिरवायला लागला.

ती बांधायला लागली. फुलदाणी, दिवा, अत्तराच्या बाटल्या. पण त्या दिवशी हात वळत नव्हते. फुलदाणीचा कागद दोनदा तिरका गेला. तिसऱ्यांदा कापावा लागला तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. शेजारच्या गल्ल्यावरची मुलगी, जिच्या तोंडाला कुलूप लावायचं दुकानात कुणाला जमलं नव्हतं, तिने विचारलं, "बिल कुणाच्या नावावर?"

"कंपनीच्या."

"म्हणजे खर्चात दाखवणार. मजा आहे बुवा! आमच्या मावशीला भेट दिली तर ती खर्चात धरत नाहीत, आणि यांच्या मावशीची फुलदाणी म्हणजे धंदा."

शेवटी भावाने ट्रॉलीच्या तळातून एक मफलर काढला. लोकरीचा, करडा, चांगलाच महागातला. "हा वेगळा. साहेबांसाठी. माझ्याकडून."

"यातच घालून टाकू? कोण बघतंय?" गल्लेवाली म्हणाली.

"नाही. हा माझ्या पगारातला आहे."

त्याने पाकीट काढून पैसे मोजून दिले, कर धरून, आणि सुटे परत घेतले. घडीताईला भडभडून आलं. तिला वाटलं, आता सांगावं. अरे वेड्या, हाही असाच कुणाकडे तरी सरकवतील. शब्द दातांपर्यंत आला. तिने तो तिथेच धरला आणि कागदाचा सगळ्यात चांगला रोल ओढला. मफलर मऊ असतो, त्याला आकार नसतो, नवखा माणूस त्याचं गाठोडं करतो. तिने आत पुठ्ठा घातला, कोपरे दाबले, आणि सबंध दुपारभरात पहिल्यांदा हात सरळ चालला. कड घेतली, बोटभर आत मुडपली, नखाने रेघ ओढली.

भाऊ बघत होता. बहिणीला हे काम करताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो पुढे वाकला.

"ही अशी घडी... इथे सगळेच घालतात का?"

"हो," घडीताई म्हणाली. "सगळेच."

"सगळे?" गल्लेवाली हसली. "छे हो! एवढा वेळ कुणाला आहे? ही फक्त आमच्या ताईंची. म्हणून तर घडीताई नाव पडलं."

भावाने टोपी काउंटरवर ठेवली. मफलरच्या पुडक्यावरून त्याने बोट फिरवलं, त्या मुडपलेल्या कडेवरून, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्याचा चेहरा कसा झाला ते घडीताईला बघवेना.

"मागच्या वर्षी," ती घाईघाईने म्हणाली, "तुझे साहेब आले होते ना इथे. तो डबा घेऊन. स्वतः बांधून घेतला माझ्याकडून. रांगेत उभे होते बिचारे."

"साहेब?"

"हो."

"रांगेत?"

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. ती रिबिनीशी खेळत राहिली. आणि मग तिला आवाज ऐकू आला. भाऊ हसत होता. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळे पुसत. "साहेब आणि रांगेत! ताई, अगं, त्यांना गाडीचं दार उघडलं नाही तर ते आतच बसून राहतात गं!"

ती हसली नाही. एकदा हसून काय झालं ते तिने पाहिलं होतं.

तो शांत झाला. मागे रांगेतल्या बाई घड्याळ बघत होत्या.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तू कागद दाखवलास तेव्हा."

"आणि बोलली नाहीस. त्या रात्री एवढं एक वाक्य टाकलं असतंस तर जिंकला असतात तुम्ही दोघी."

"तुला हरवून काय मिळणार होतं मला? आणखी एक मोडकी खुर्ची?"

त्याने नाक ओढलं. मग ताठ झाला. भाऊच तो. "तरी फोन साहेबांनीच केला होता हं. त्यांनी केला म्हणून बायको आज चालतेय-फिरतेय. ते खोटं नाही."

"नाही रे. ते खोटं कसं असेल? त्यासाठी मी त्यांना रोज दुवा देते." तिने मफलरचं पुडकं त्याच्यापुढे सरकवलं. "मला एवढंच कळत नाही. ज्याला साहेब नाही, त्याने फोन कुणाला करायचा?"

या वाक्याला भावाकडे म्हण नव्हती.

"अहो, उरकता का?" मागच्या बाई म्हणाल्या.

त्याने पुडकी ट्रॉलीत रचली, मफलर कोटात घातला. जाता जाता वळला. "सुट्टीला यायचं म्हटलं तर बसायचं कुठे? ती मोडली ना?"

"तू ये तर."

"बघू," तो म्हणाला, आणि 'बघू' म्हणजे काय हे ओळखण्यात घडीताईचे पुढचे दिवस गेले. बघू म्हणजे हो, असं सकाळी वाटायचं. संध्याकाळी वाटायचं, नाही. लेक म्हणाली, "ते येतील त्या दिवशी मी तोंड शिवून बसेन, मग तर झालं?" घडीताई म्हणाली, "काही गरज नाही. तोंड शिवून बसायला तुला मी शाळेत घातलं नव्हतं. फक्त त्याला हसू नकोस. मी पण हसणार नाही."

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मजुरी हातात पडली. त्या मजुरीवर कोणी कोणी डोळा ठेवून होतं: लेकीचे ड्युटीचे बूट, गळका नळ, आणि तिचे स्वतःचे पाय, ज्यांना डॉक्टरांनी मऊ चपला सांगितल्या होत्या. ती दुकानातून निघाली ती थेट सुताराकडे गेली. तयार खुर्च्या चार दाखवल्या त्याने. तिने प्रत्येकीवर बसून पाहिलं, पाठ टेकून, वजन एका बाजूला टाकून, आणि एकदा झटक्यात उठून.

"अशी काय उठताय बाई? चटका बसला का?" सुतार म्हणाला.

"माझा भाऊ असा उठतो," ती म्हणाली.

चौथी खुर्ची जागची हलली नाही. तीच घेतली. पावतीवर कर वेगळा लिहिला होता. तो तिने भरला, आणि कुरकुरलीही नाही, कारण तिच्या मते कर भरायला कुणाचीच हरकत नसावी. पण मग कुणाचीच नसावी. खुर्ची ती डोक्यावर घेऊन घरी आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भेटी बांधल्या, आणि स्वतःची एक द्यायची वेळ आली तर ती कुठल्याच कागदात मावेना.

सुट्टीच्या दिवशी ती जिन्याशी तीनदा जाऊन आली. भाऊ आणि भावजय आली ती उशिराच. त्याने खुर्ची पाहिली, पाठ धरून हलवली, आणि बसला. पहिल्या घासाला भाचीकडे बोट करून म्हणाला, "हां, तर तुझा तो कर. समजा बसवला. मग साहेबांनी ड्रायव्हर काढून टाकला तर?"

"तर मामा, बसला कर तर दवाखान्यांच्या बसेस वाढतील, आणि बसला ड्रायव्हर लागतात."

"बसचा पगार किती असतो ते माहीत आहे का तुला?"

दोघांचं वाजत राहिलं. भावजयने दोनदा विषय बदलून पाहिला. आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल. एका मुद्द्यावर भाऊ इतका तापला की टेबलावर हात आपटून तो पुढे सरसावला, आणि घडीताईने खुर्चीच्या पायांकडे पाहिलं.

खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. तो तिच्यातच बसून राहिला, आणि ताट पुढे करून म्हणाला, "ताई, वाढ."